ओव्हाळांच्या घरचा हेडफोन

मित्रांनो, मी एक हेडफोन आहे. वय चार वर्षे, म्हणजे आमच्या जातीत जुनाच. माझ्या कानांच्या गाद्या विरल्या आहेत, डोक्यावरच्या पट्टीला चैतालीने काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि जाड आवाज आला की माझी उजवी बाजू थरथरते. तरी मी अजून कामात आहे. माझी हकिकत आनंदाची नाही. पण ती तुमच्या वयातच ऐकलेली बरी, म्हणून सांगतो.

तुम्ही रस्त्यावर पाहता ते बहुतेक हेडफोन बंद डबीसारखे असतात. माझी पाठ मात्र उघडी आहे, तिथे नुसती जाळी आहे. त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचे बोलणे आत येते. बसमध्ये माझा काही उपयोग नाही. पण शांत खोलीत तासन् तास काम करणाऱ्याचे कान मी तापू देत नाही, आणि माझ्यातून आलेला आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, समोरच्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटतो.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तोंडाला कापड बांधलेल्या एका बाईने केसाएवढी तांब्याची तार माझ्या पडद्याला जोडली. तिने मला एकदा कानाशी धरले, मान हलवली आणि पुढे सरकवले. मग जहाज, मग ट्रक, आणि शेवटी मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिंतामणीकाकांच्या दुकानात आलो.

काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आता बंगलेवाल्यांना स्पीकर बसवून द्यायचे. त्यांच्या काचेच्या कपाटाशेजारी आम्ही दोघे गिऱ्हाइकांना ऐकवण्यासाठी टांगलेले असायचो. दुसरा फार महागडा होता. त्याला लाकडी कडा होत्या, मऊ चामड्याच्या गाद्या होत्या, आणि त्याच्या किमतीत माझ्यासारखे चार आले असते. गिऱ्हाईक आधी मला डोक्याला लावायचे, मग त्याला, आणि मग "वा!" म्हणायचे. माझे काम एवढेच होते. माझ्यानंतर ऐकला की तो आणखी चांगला वाटायचा.

एका रविवारी दुपारी आंबीहून सुहास ओव्हाळ आले. सोबत त्यांची मुलगी चैताली होती. सुहासभाऊ नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवत. पत्रा दाबून गाड्यांचे भाग करायचे ते अवजड यंत्र. अकरा वर्षे ते तिथे होते आणि अकराही वर्षे कंत्राटावर. चैतालीला पुण्याच्या एका कंपनीचे घरबसल्या काम मिळाले होते. कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके तिने ऐकायची, त्यातले श्वास, खाकरणे, पानांची सळसळ काढून टाकायची आणि आवाज स्वच्छ करून द्यायचा.

"काका, तिला चांगल्यातला चांगला द्या," सुहासभाऊ म्हणाले. "पोरगी दिवसभर कानाला लावणार. हलकं काय नको."

काकांनी एक ध्वनिमुद्रण लावले. आधी नुसता तबला होता आणि मग हळूहळू घुंगरू सुरू व्हायचे. चैतालीने आम्हा दोघांना आळीपाळीने ऐकले. डोळे मिटून ऐकणारे गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिले.

"ह्या महागड्यात प्रत्येक घुंगरू सुटा ऐकू येतो," ती म्हणाली. "आणि ह्याच्यात ते थोडे एकमेकांत मिसळतात. पण बोलणाऱ्या माणसाचा आवाज मला दोन्हींत जवळजवळ सारखाच वाटतोय. का माझीच समजूत?"

काका हसले. "समजूत नाही. त्याचा वरचा आवाज जास्त मोकळा आहे. पण त्याला नीट चालवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तुझं काम शब्दांचं आहे. तुला हा मधलाच पुरेल."

"न्हाई न्हाई," सुहासभाऊ म्हणाले. "थांबा, मला बघू द्या." त्यांनी आधी त्याला लावले, मग मला. काकांनी गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. एवढ्यात चैतालीला फोन आला आणि ती बोलायला बाहेर गेली.

"घुंगरू कसे वाटले?" काकांनी मोठ्याने विचारले.

"झकास! अगदी सुटे सुटे," सुहासभाऊ म्हणाले.

मी त्यांच्या डोक्यावरच होतो, मित्रांनो. मला माहीत होते, त्या वेळी फक्त तबला वाजत होता. काकांनाही माहीत होते. त्यांनी गाणे बंद केले आणि सुहासभाऊंच्या समोर येऊन उभे राहिले.

"सुहासराव, घुंगरू अजून सुरूच झाले नव्हते."

सुहासभाऊंनी मला हळूच उतरवले. बाहेर उभ्या चैतालीकडे एकदा पाहिले.

"पोरीला बोलू नका, काका. पाया पडतो."

"कान दाखवून घ्या डॉक्टरला."

"घेतो की. दाखवतो."

चैताली आत आली. "मग? कुठला घ्यायचा, पप्पा?"

"मला तर दोन्ही सारखंच वाटत्यात," ते म्हणाले. ते खरे होते आणि त्या खरेपणाला कुणी हसले नाही. चैतालीने मला निवडले. काकांनी मला खोक्यात ठेवले, पावती फाडली आणि कानाबद्दल एक शब्दही काढला नाही. ते चांगले गृहस्थ होते. न दिलेला शब्दही त्यांनी पाळला. पुढे मला अनेकदा वाटले, त्यांनी तो मोडला असता तर!

आंबीत माझे सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. खिडकीजवळ चैतालीचे टेबल होते. माझ्या जाळीतून तिला घरातले सगळे ऐकू यायचे, आईचे भाकरी थापणे, शेजारची म्हैस, कारखान्याच्या बसचा हॉर्न. कामाचे कौतुक झाले की ती मला बोटाने थोपटायची. एकदा तिच्या साहेबांनी विचारले, "इतकं बारीक ऐकू येतं, कुठला हेडफोन वापरतेस?" तिने माझे नाव सांगितले तेव्हा मला त्या लाकडी कडांच्या भावाची आठवणही आली नाही.

पण घरातले इतर आवाजही मला ऐकू येत होते. टीव्ही दर महिन्याला थोडा मोठा होत होता. सुहासभाऊ गॅसजवळ बसलेले असायचे आणि कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या होऊन जायच्या. आई ओरडायची, "अवो, बंद करा की!" तेव्हा ते दचकून उठायचे. फोनवर ते कशालाही "व्हय व्हय" म्हणायचे. एकदा मावशी वारल्याचा निरोप आला आणि त्यांनी हसत "लय चांगलं झालं" म्हटले. त्या दिवशी चैतालीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

दुसऱ्या दिवशी सुहासभाऊ पहिल्या पाळीहून चार वाजता घरी आले. चहा झाल्यावर तिने त्यांना टेबलाशी बसवले आणि मला त्यांच्या डोक्यावर ठेवले.

"पप्पा, टूं असा आवाज येईल. आला की बोट वर करायचं. एवढंच."

जाड आवाज आला, बोट वर झाले. त्याहून थोडा बारीक आला, बोट वर झाले. मग आणखी बारीक. माझा पडदा थरथरत होता, आवाज त्यांच्या कानाच्या पडद्यापर्यंत जात होता, आणि बोट मांडीवर तसेच पडून होते. सुहासभाऊ चैतालीच्या हाताकडे पाहू लागले. तिने कळ दाबली की ते बोट वर करीत. तिच्या ते लक्षात आले. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि हात टेबलाखाली नेला.

आता त्यांना काहीच कळेना. त्यांनी अंदाजाने बोट वर केले. तेव्हा माझ्यात कुठलाच आवाज नव्हता. त्यांनी पुन्हा बोट वर केले. तेव्हाही नव्हता. चैतालीने मला त्यांच्या डोक्यावरून काढून घेतले.

"कधीपासून, पप्पा?"

"झाली की चार वर्सं."

"कारखान्यात दर वर्षी कान तपासायला गाडी येते ना?"

"येती. तितं तपासणाऱ्या बाईच्या खांद्याकडं बघायचं. बटण दाबताना खांदा हलतो." ते ओशाळे हसले. "कानात घालायला बोळे देत्यात गं. पण ते घातले तर साहेबाची हाक ऐकू येत न्हाई, मग शिव्या. म्हणून कुणी घालत न्हाई."

"उद्या सांगा त्यांना. दुसरं काम देतील."

"दुसरं काम? उद्यापासून येऊ नको म्हणत्याल." ते पुढे सरकले. "चैताली, कायम करायच्या माणसांची यादी लागायचीय पुढच्या महिन्यात. माझं नाव हाय म्हणत्यात. अकरा वर्सं झाली. येवढा एक महिना. मग मी सोता सांगतो."

चैतालीने होकारार्थी मान हलवली. तिने तपासणीचा आलेख तारखेसह लॅपटॉपमध्ये जपून ठेवला आणि मला खिळ्याला अडकवले. मित्रांनो, त्या घरातली ती सगळ्यात शहाणी मुलगी. पण त्या दिवशी तिने बापाच्या प्रेमापोटी मान हलवली आणि तिची ती चूक झाली.

तीन आठवड्यांनी सुहासभाऊ भर दुपारी घरी आले. त्यांच्या शर्टावर रक्त होते, पण ते त्यांचे नव्हते. ते उंबऱ्यातच बसले. आईने पाणी आणले ते त्यांनी हातात नुसते धरून ठेवले.

"गोरखचा हात गेला," ते म्हणाले.

गोरख नवलाख उंबऱ्याचा. सहा वर्षे दोघे एकाच प्रेसवर. सुहासभाऊ पुढून दोन हातांनी दोन बटणे दाबायचे, गोरख मागून तयार झालेला भाग काढायचा. त्या दिवशी एक तुकडा साच्यात अडकला. मागच्या बाजूने हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा एक सेन्सर असतो, पण काम हळू होते म्हणून तो महिनाभर बंदच ठेवला होता. गोरखने हाक दिली, "थांब!" आणि हात आत घातला. सुहासभाऊंना हाक ऐकू आली नाही, त्यांनी दोन्ही बटणे दाबली. गोरखच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

दोन दिवसांनी निवृत्ती नावाचे कारखान्याचे सुपरवायझर घरी आले. गोडीने बोलले. खुर्ची ओढून सुहासभाऊंच्या कानाशी बसले आणि एक छापील कागद पुढे केला.

"गोरख म्हणतो, मी दोनदा हाक मारली. तुला ऐकू आली का?"

"न्हाई साहेब."

"मग तेवढंच लिहिलंय बघ. 'मला हाक ऐकू आली नाही.' खोटं एक अक्षर नाही. सही कर. यादीत तुझं नाव आहे, ते मी बघतो."

सुहासभाऊंनी कागद तीनदा वाचला. खरोखरच त्यात एकही अक्षर खोटे नव्हते. त्यांनी सही केली.

आठ दिवसांत चौकशीचा निकाल कारखान्याच्या फळ्यावर लागला. गोरखने सहकाऱ्याला हाक न देता मशीनमध्ये हात घातला, चूक त्याची, असे त्यात लिहिले होते. भरपाईचा प्रश्नच उरला नाही. चैतालीला हे आईकडून कळले तेव्हा ती मला लावून काम करीत होती. तिने मला गळ्यात ओढले आणि बाहेर आली.

"पप्पा, तुम्हाला ऐकू आलं नाही हे खरं. पण त्यांनी हाक मारली नाही, हे खरं आहे का?"

सुहासभाऊंनी मान फिरवली. या वेळी त्यांना सगळे ऐकू आले होते.

त्यानंतरच्या सोमवारी गोरखची बायको इंद्रायणी आंबीला आली. सुहासभाऊ अंगणात पाठमोरे बसून कोथिंबीर निवडत होते. मी खिडकीजवळ टेबलावर होतो, चैताली कामाला बसत होती.

"भाऊ," इंद्रायणी फाटकातून म्हणाली.

सुहासभाऊ काड्या मोडत राहिले.

"भाऊ, रागावला का? मी भांडाया न्हाई आले." ती चार पावले पुढे आली. "तुमी तितं होता. त्यांनी हाक मारली का न्हाई, येवढंच मला सांगा. भाऊ?"

ती त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. त्यांनी एक जुडी संपवून दुसरी घेतली. इंद्रायणीचा हात तोंडाकडे गेला. ती वळली तेव्हा चैताली दारात होती.

"ह्यांना ऐकू येत न्हाई व्हय गं?" तिने कुजबुजत विचारले.

चैतालीने होकारार्थी मान हलवली, आणि या वेळी ती मान योग्य कारणासाठी हलली.

"म्हंजी त्यांनी हाक मारली हुती," इंद्रायणी म्हणाली आणि अंगणातच खाली बसली. "मारली हुती. दवाखान्यात रोज म्हणत्यात, मी मारली हुती गं, मी मारली हुती. मलाबी खरं वाटंना झालं हुतं."

सावली हलली म्हणून सुहासभाऊंनी मागे पाहिले. त्यांना बाई दिसली, तिचे डोळे दिसले, मुलीचा चेहरा दिसला. ते काय समजायचे ते समजले. हातातली कोथिंबीर त्यांनी परातीत ठेवली.

"चैताली," ते म्हणाले, "तुझी ती तपासणी काढ. तारखेची."

इंद्रायणीच्या तक्रारीवरून सरकारी निरीक्षक नव्याने चौकशीला आले तेव्हा सुहासभाऊंनी सगळे सांगितले. कान, गाडीतली तपासणी, बंद सेन्सर, सही. चैतालीनेही सांगितले की तिला अपघाताच्या तीन आठवडे आधी कळले होते. घरच्या हेडफोनवरची तपासणी पुरावा होत नाही, म्हणून सुहासभाऊंना सरकारी दवाखान्यात पाठवले. तिथल्या यंत्राने माझेच म्हणणे खरे ठरवले. गोरखवरचा ठपका गेला. वर्षभराने त्याला भरपाई मिळाली. बोटे अर्थातच मिळाली नाहीत. यादी लागली, तीत सुहासभाऊंचे नाव नव्हते. आजार लपवला म्हणून त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगण्यात आले.

मला वाटले, आता तरी हे संपेल. पण एके दिवशी सकाळी गोरख स्वतः आला. उजवा हात टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. आईने बसा म्हटले तरी तो बसला नाही. सुहासभाऊ उठून उभे राहिले. गोरख हळू आवाजात बोलला, खाली बघून. सुहासभाऊंना त्याचे ओठ हललेले तेवढे दिसले.

"काय म्हणाला?" त्यांनी चैतालीला विचारले.

चैताली गोरखकडे पाहू लागली.

"सांग की. काय म्हणाला तो?"

तेव्हा तिला ते सांगावे लागले. बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, गोरखच्या देखत, एकेक शब्द तोडून.

"ते म्हणतात, तुला ऐकू येत नाही याचा राग नाही. पण तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस, तर मी हाक मारलीच नसती. समोर येऊन हात दाखवला असता. मग हात राहिला असता."

सुहासभाऊंनी गोरखच्या टॉवेलकडे पाहिले.

"व्हय," सुहासभाऊ म्हणाले. "खरं हाय."

"मलाही माहीत होतं, गोरखकाका," चैताली म्हणाली. "मीही सांगितलं नाही."

गोरखने तिच्याकडे पाहिले. मला वाटले तो म्हणेल, जाऊ दे पोरी. त्याने तसे काही म्हटले नाही. डाव्या हाताने चप्पल सरळ करून त्याने पायात घातली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो त्या घरी कधी आला नाही.

सुहासभाऊ आता पवनानगरला धरणाच्या काठी एका तंबूवाल्याकडे राखणदार आहेत. तिथे शनिवार-रविवारी पर्यटकांचा फार गोंगाट असतो, असे आई सांगते. त्यांना कानाचे यंत्र मिळाले आहे. त्याने आवाज मोठे होतात, पण शब्द सुटे होत नाहीत. गेलेले ऐकणे परत येत नाही, मित्रांनो. आमच्यासारख्यांचा पडदा फाटला तर दुसरा बसवता येतो. तुमच्या कानाच्या आतल्या बारीक पेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

आणि मी? मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंबीच्या बुद्धविहारात जातो. चैतालीने तिथे एक टेबल मागून घेतले. कारखान्यात जाणाऱ्या कुणीही यावे, दहा मिनिटे बसावे, बोट वर करावे. पहिल्या रविवारी कुणीच आले नाही. दुसऱ्या रविवारी सात जण आले. त्यांतल्या पाच जणांची बोटे बारीक आवाजाला मांडीवरच राहिली. पाचही जण उठताना एकच वाक्य बोलले, "कुणाला सांगू नको."

मी त्यांच्या डोक्यांवर होतो. कुणाच्या केसांना ग्रीसचा वास होता, कुणाच्या मानेला घाम होता. त्यांच्या भीतीचे मला काही करता येत नव्हते.

"मी नाही सांगणार," चैताली प्रत्येकाला म्हणाली. "माझं म्हणाल तर डॉक्टरला आणि कारखान्यालाही सांगा. पण ते धाडस आज होत नसेल, तर तुमच्यासोबत जो मशीनवर उभा असतो, त्याला तरी सांगा. आजच."

चौघे खाली मान घालून गेले. पाचवा दत्तोबा नावाचा, पन्नाशीचा माणूस होता. तो विहाराच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिला. मग बाहेर मोटारसायकलवर त्याची वाट पाहणाऱ्या सोबत्याजवळ गेला. हनुमंत त्याचे नाव. दोघे एकाच मशीनवरचे.

"हनुमंता," दत्तोबा म्हणाला. कमी ऐकणारी माणसे बोलतात तसा, उगाच मोठ्याने. "मला डाव्या कानानं कायबी ऐकू येत न्हाई. उजव्यानं थोडं येतं. उद्यापासनं हाक मारू नको. माझ्या खांद्याला हात लाव."

हनुमंत मोटारसायकलवरून उतरला. "येडा हायस का रे? आत्ता सांगतोयस?" तो चिडून म्हणाला. मग त्याने हात उचलला आणि दत्तोबाच्या खांद्यावर ठेवला. "असा?"

"व्हय," दत्तोबा म्हणाला. "असा."

मित्रांनो, तुम्ही मला नीट ठेवा, वायर ओढू नका, धूळ पुसा, हे सांगायला मी आलो नाही. माझ्यासारखे पुष्कळ मिळतात, स्वस्त, मधले आणि महाग. माझा आवाज बेताचाच ठेवा आणि आपले कान सांभाळा. आणि कधी वर्गात, खेळताना किंवा रस्त्यावर एखादी हाक तुमच्यापर्यंत पोहोचली नाही, तर हसून मान हलवू नका. ऐकू आले नाही, असे म्हणा.